कौल

आमच्या गांवच्या देवळांत गुरव कौल लावूं लागला कीं मी त्याच्या अगदीं जवळ जाऊन बसत असें. देवीच्या पाषाणमूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या बोटांनीं फुलाची एकेक पाकळी चिकटवावयाची, मग प्रश्न घालावयाचा, आणि उजवी पाकळी आधीं पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलीचें लग्न, विहिरीचें पाणी, हरवलेली म्हैस, कोर्टांतला दावा, साऱ्यांचा निकाल त्या दोन पाकळ्यांवर लागे. माझ्या वयाच्या दहाव्या वर्षीं असें ध्यानांत आलें, कीं जो यजमान खण-नारळाबरोबर पायलीभर जोंधळे गुरवाच्या पदरांत घाली त्याची उजवी पाकळी मूर्तीला लागतांना बरीचशी कोरडी असे, आणि म्हणून ती लवकर सुटे. हा शोध मीं वडिलांच्या कानीं घातला तेव्हां त्यांनीं माझ्या पाठींत एक धपाटा घालून मला देवीची क्षमा मागावयाला लाविलें. पुढें पदवीला मीं संख्याशास्त्राचा विषय निवडला त्याचें मूळ त्या धपाट्यांत असावें, असें मला अजूनहि वाटतें.

गेलीं अठ्ठावीस वर्षें मी सांगलीच्या एका महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवीत आहें, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नमुना-पाहणीवर चार व्याख्यानें देतों. पहिल्या व्याख्यानाचा आरंभ ठरलेला असतो. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण फळ्यावर लिहावयाची, आणि विचारावयाचें कीं एवढ्या मोठ्या पातेल्यांतलें एकच शीत चेपून गृहिणी भात शिजल्याचा निर्वाळा कोणत्या धैर्यानें देते? मुलें हंसतात. मग यावयाचें तें उत्तर येतें, कीं भाताला सगळीकडून सारखीच वाफ लागलेली असते. पण समाज हा असा भात आहे, कीं तो तळाशीं करपलेला, मध्यें कच्चा आणि वर गिजका, असा एकाच वेळीं असतो. तेव्हां शीत कोठून उचलावें हेंच मोठें शास्त्र होऊन बसतें.

हें शास्त्र ज्यांनीं वाढविलें त्यांतला एक पुरुष आपल्याच मातींतला होता, हें सांगतांना माझा आवाज थोडासा चढतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मले, फर्ग्युसनमध्यें शिकले, लंडनला नेमन आणि पिअर्सन यांच्या हाताखालीं तयार झाले, आणि उभ्या पिकाचा अंदाज थोड्या तुकड्यांच्या कापणीवरून कसा बांधावा याचा त्यांनीं हिंदुस्थानांत परत आल्यावर ध्यासच घेतला. त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद या विषयांत प्रसिद्ध आहे. महालनोबिसांचा कल लहान तुकडे पुष्कळ घेण्याकडे होता. सुखात्म्यांनीं दाखवून दिलें, कीं तुकडा फार लहान घेतला म्हणजे उत्पन्न खऱ्याहून फुगून दिसतें. कारण मोठें मजेदार आहे. मापाच्या दोरीवर, अगदीं सीमेवर, जें ताट उभें असतें तें आंत धरावें कीं बाहेर सोडावें असा प्रश्न पडला, कीं कापणाऱ्याचा हात तें नकळत आंत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याच्या मानानें सीमा लांब, आणि तितकी ही ओढ अधिक. गणितांत कोठें चूक नसते. ती असते त्या हातांत, आणि तो हात कांहीं लबाडाचा नसतो.

एक हजार माणसें नीट निवडून विचारलीं तर चूक शेंकडा तीनच्या आसपास राहते, ती निम्मी करावयाची तर चौपट माणसें विचारावीं लागतात, आणि सांगली मतदारसंघांत मतदार अठरा लाख असले काय किंवा अठरा कोटि असले काय, या हिशेबांत जवळजवळ कांहींच फरक पडत नाहीं. हें मुलांना खरें वाटत नाहीं. मलाहि प्रथम वाटलें नव्हतें. पण तें सिद्ध झालेलें आहे. मात्र त्याच्या मुळाशीं एक गोष्ट गृहीत धरलेली असते, कीं ज्याला विचारलें तो खरें बोलतो. या गोष्टीवर मी चार व्याख्यानांत मिळून पांच मिनिटें खर्चीत असें.

२०२४ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीची गोष्ट. ७ मे रोजीं सांगली आणि सातारा या दोन्ही ठिकाणीं लोकसभेचें मतदान व्हावयाचें होतें. सांगलींत त्या खेपेला मोठी चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली होती. वसंतदादा पाटलांच्या घराण्याचा आणि काँग्रेसचा हा परंपरागत बालेकिल्ला, पण आघाडीच्या वांटपांत जागा गेली उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे. त्यांनीं उभे केले महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील. वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांना लिफाफा ही निशाणी मिळाली. समोर भाजपचे संजयकाका पाटील दोनदां निवडून आलेले. तिन्ही पाटील! बाहेरगांवच्या पाहुण्याला ही लढत समजावून देतां देतां आमचा चहा थंड होई.

त्या संध्याकाळीं माझ्या ओसरीवर आमच्या शिक्षणसंस्थेचे एक पदाधिकारी येऊन बसले होते. ते उगाच आले नव्हते. प्राचार्यांची जागा जूनमध्यें मोकळी व्हावयाची होती, सेवाज्येष्ठतेनें माझें नांव पुढें होतें, आणि "बघूं, तुमच्यासारखा माणूस हवा" इतपत बोलणें झालें होतें. हे गृहस्थ तिघांपैकीं एका उमेदवाराचे उघड कैवारी. गळ्यांतलें उपरणेंहि त्यांनीं काढून ठेविलें नव्हतें. इतक्यांत फाटक वाजलें आणि पाठीवर पिशवी, हातांत टॅब अशी एक मुलगी आंत आली. मीं तिला लगेच ओळखलें. जत तालुक्याच्या पूर्व भागांतली, दोन वर्षांपूर्वीं आमच्याच महाविद्यालयांतून पदवी घेऊन गेलेली, पहिल्या बांकावर बसून वहींत सगळें उतरून घेणारी.

"सर, दर दहावं घर घ्यायचं आहे," ती म्हणाली, "आणि मोजत आले तर तुमचंच आलं. फक्त पांच मिनिटं."

तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरूं शकत नाहीं. मीं फळ्यावर काढलेली आकृति तिनें रस्त्यावर चालून दाखविली होती. वय, शिक्षण, व्यवसाय, घरांत दुचाकी आहे कीं चारचाकी, असे प्रश्न झाले. मग तिनें मान वर न करतां विचारलें, "खासदारकीला तुम्ही कोणाला मत देणार?"

पदाधिकाऱ्यांनीं कप बशींत ठेविला आणि ते अंगणांतल्या पेरूच्या झाडाकडे पाहूं लागले. मीं नांव सांगितलें. तें त्यांच्या उमेदवाराचें होतें. माझ्या मनांत होतें तें नव्हे. माझ्या मनांत कोणतें होतें हें मी वाचकांनाहि सांगणार नाहीं, कारण गुप्त मतदानावरची माझी श्रद्धा त्या संध्याकाळपासून वाढलेली आहे. मुलीनें बोटानें पडद्यावर कांहीं टिपलें, "थँक्यू, सर" म्हटलें, आणि ती अकराव्या घरापासून पुन्हां मोजीत निघून गेली.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं असें लिहिलें तर तें दुसरें खोटें होईल. मला चांगली झोंप आली. पण सकाळीं दाढी करतांना एकदम जाणवलें, कीं आपण भ्यालों नव्हतों. सांगलींत प्राध्यापकाचे पाय मोडावयाला कोणी येत नाहीं. जागेची आशा होती हें खरें, पण ती नसती तरी मीं दुसरें उत्तर दिलें असतें काय? भीति निराळी आणि भीड निराळी. भीति वाटणारा माणूस गप्प बसतो, त्याला पाहणी करणारे 'उत्तर नाहीं' या रकान्यांत टाकतात, आणि तो रकाना फुगला कीं निदान सावध तरी होतात. भिडेचा माणूस मात्र हंसून, चहा देऊन, स्पष्ट आणि नेमकें खोटें उत्तर देतो. कृष्णाकांठच्या कोणत्याहि गांवीं जा, तिन्ही उमेदवारांच्या माणसांना एकाच ओसरीवर "तुमच्याशिवाय कोण आहे आम्हांला?" असें ऐकावयाला मिळेल, आणि तें म्हणणाऱ्याच्या मनांत कपट असतेंच असें नाहीं.

याचा पहिला धडा मला साताऱ्यांत मिळाला होता, आणि तो मीं विसरावयाला नको होता. माझा थोरला भाऊ तेथें मोती चौकाजवळ दुकान चालवितो. आई त्याच्याकडे असते. २०१९ च्या मे महिन्यांत राष्ट्रवादी काँग्रेसच्या वतीनें सव्वा लाखाहून अधिक मताधिक्यानें निवडून आलेले उदयनराजे भोसले यांनीं सप्टेंबरांत तो पक्ष आणि खासदारकी दोन्ही सोडून भाजपमध्यें प्रवेश केला, आणि विधानसभेबरोबरच २१ ऑक्टोबरला पोटनिवडणूक ठरली. समोर श्रीनिवास पाटील. १८ तारखेला भर पावसांत भिजत शरद पवारांनीं केलेलें भाषण साऱ्या महाराष्ट्रानें पाहिलें. दादानें मात्र आपली स्वतःची पाहणी केली होती. दुकानांत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो विचारी, आणि वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढी. ती वही मीं पाहिली आहे. एका बाजूला रेघांचें रान माजलेलें, दुसऱ्या बाजूला चारदोन काड्या. २४ तारखेला निकाल लागला तेव्हां श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून अधिक मतांनीं निवडून आले होते.

दादा गंभीर झाला. पराभवाचें दुःख त्याला फारसें नव्हतें. तो राजकारणांतला माणूस नव्हे. पण जेवतांना तो पुन्हां पुन्हां म्हणे, "वीस वर्षांचीं गिऱ्हाइकं माझीं. एवढीं सगळीं माझ्याशीं खोटं बोललीं?"

आईनें ताकाचा पेला त्याच्यापुढें सरकविला. "खोटं नव्हे रे," ती म्हणाली, "मान राखला त्यांनीं. गादीचं नांव काढून विचारलंस, तर साताऱ्यांत कोण नाहीं म्हणेल?"

आई १९६७ पासून मतदान करीत आली आहे आणि तिनें कोणाला मत दिलें हें माझ्या वडिलांना शेवटपर्यंत कळलें नाहीं. आमच्या आजोळची एक गोष्ट ती सांगते. १९५७ सालीं ती पंधरा वर्षांची होती. मोटारींतून काँग्रेसची माणसें गांवांत आलीं, आजोबांनीं त्यांना गूळ-शेंगा दिल्या, पाटलानें शब्द दिला, आणि पेटींतून मतें पडलीं तीं समितीचीं. त्या वर्षीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत साताऱ्यांतून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले, आणि मुख्यमंत्री असलेले यशवंतराव चव्हाणसुद्धां कराडांत थोडक्या मतांनीं वांचले. योगायोग असा, कीं एरिक डकोस्टा यांच्या संस्थेनें आपल्या देशांत लोकमत-पाहणीचा प्रयोग केला तो याच दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं. त्यांचा माणूस आमच्या आजोळीं आला असता तर आजोबांनीं त्यालाहि गूळ-शेंगा दिल्या असत्या.

मतदानानंतर सांगलींत पंचवीस दिवस कांहींच कळावयाला मार्ग नव्हता. २००९ पासून कायदा असा आहे, कीं शेवटच्या टप्प्याचें मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर अंदाज, म्हणजे ज्याला सगळे एक्झिट पोल म्हणतात तो, प्रसिद्ध करतां येत नाहीं. त्यामुळें हळदीच्या पेठेपासून आमच्या प्राध्यापक-कक्षापर्यंत नुसत्या पैजा. आमचे एक इतिहासाचे सहाध्यापक, एरवीं चहाचे पैसे देतांना दोनदां मोजणारे, त्यांनीं पैजेवर बोकड लाविला. १ जूनच्या संध्याकाळीं दूरचित्रवाणीवर आंकडे कोसळूं लागले. देशांत सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेंच्या वर जागा, कोणाच्या मतें चारशेंपर्यंत; महाराष्ट्राबद्दल मात्र अंदाज करणाऱ्यांचें आपापसांतच जुळेना. मी डोळे लावून बसलों होतों तो सांगलीसाठीं. पण तक्त्यावर रकाने दोन: महायुति आणि महाविकास आघाडी. तिसरा 'इतर' असा एक अरुंद रकाना कडेला होता, चाळणींत उरलेल्या कोंड्यासारखा.

४ जूनला देशांत त्या आघाडीला २९३ जागा मिळाल्या आणि भाजपला २४०. महाराष्ट्रांत ४८ पैकीं ३० महाविकास आघाडीच्या, १७ महायुतीच्या. उरलेली एक ती सांगली. विशाल पाटील एक लाखाहून किंचित् अधिक मतांनीं विजयी झाले. कोंड्याच्या रकान्यांतून एक आख्खा खासदार निघाला. एका प्रसिद्ध पाहणी-संस्थेच्या प्रमुखाला त्या दिवशीं पडद्यावर सर्वांसमक्ष रडूं कोसळलें. पुष्कळांनीं थट्टा केली. मला त्या गृहस्थाविषयीं आदर वाटला. पंचांग चुकलें म्हणून ज्योतिषी रडल्याचें मीं तरी ऐकलेलें नाहीं.

साताऱ्यांत त्याच दिवशीं जें घडलें तें मी आतां वर्गांत सांगतों, कारण तें भिडेच्याहि पलीकडचें आहे. तेथें उदयनराजे शशिकांत शिंदे यांच्यावर ३२,७७१ मतांनीं विजयी झाले. शिंदे यांच्या पक्षाची निशाणी 'तुतारी वाजविणारा माणूस'. त्याच यंत्रावर एका अपक्षाची निशाणी होती पिपाणी, आणि त्या अपक्षाला मतें पडलीं ३७,०६२. पराभूत पक्षानें म्हटलें, आमचीं मतें चुकून तिकडे गेलीं. तीं सगळीं चुकून गेलीं कीं कांहीं जाणून गेलीं, हें त्या यंत्रालाच ठाऊक. पण कल्पना करा, कीं एखाद्या पाहणी करणाऱ्या मुलानें केंद्राबाहेर एका म्हाताऱ्याला विचारलें, "बाबा, कुणाला दिलंत?" आणि म्हाताऱ्यानें भीड, भीति, मान-अपमान सगळें बाजूला ठेवून अगदीं मनापासून सांगितलें, "तुतारीला." उत्तर खरें, टिपण खरें, गणित खरें, आणि मत पिपाणीला! येथें कोणाला दोष द्यावा?

अमेरिकेंतल्या 'लिटररी डायजेस्ट'ची हकीकत मी पूर्वीं फार रंगवून सांगत असें. त्या साप्ताहिकानें १९३६ सालीं सुमारें एक कोटि लोकांना पत्रें पाठविलीं, वीस लाखांहून अधिक उत्तरें आलीं, त्यांवरून लँडन निवडून येणार म्हणून छापलें, आणि रूझवेल्ट ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकून गेले. कारण यादी टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांची. गोष्ट चांगलीच आहे. पण ती सांगतांना मी आणि माझे विद्यार्थी, आम्हीं सगळेच, दुसऱ्याच्या मूर्खपणाला हंसत असूं. आतां ती मीं दोन वाक्यांत उरकतों.

नोव्हेंबर २०२४ मध्यें विधानसभेची निवडणूक झाली. या खेपेस बहुतेक अंदाज महायुतीला बहुमत देत होते, आणि तें तिला मिळालें. पण २८८ पैकीं २३० जागा तिच्या तीन मुख्य पक्षांना पडतील हें फारच थोड्यांच्या ध्यानींमनीं होतें. एकट्या सातारा जिल्ह्यांत आठपैकीं आठ जागा. कराड दक्षिणेंत पृथ्वीराज चव्हाण, उत्तरेंत बाळासाहेब पाटील, दोघेहि पडले. सहा महिन्यांपूर्वीं जे वाजवीपेक्षां फुगले होते ते आतां आंखडले असावेत, असा माझा एक तर्क आहे. दुधानें पोळलेला ताक फुंकून पितो, हा नियम आंकडेमोड करणाऱ्यांनाहि लागूं असावा. अधिक लिहीत नाहीं, कारण तर्कालाहि दोनचार शितें लागतात आणि माझ्याजवळ एकच आहे.

प्राचार्यांची जागा मला मिळाली नाहीं. मिळाली असती तर हा लेख लिहिण्याचें धैर्य मला झालें असतें कीं नाहीं कोण जाणे.

डिसेंबरच्या सुट्टीच्या आधीं ती मुलगी पुन्हां आली, या वेळीं महाविद्यालयांत. पुण्याच्या एका संस्थेंत पुढच्या शिक्षणासाठीं अर्ज करावयाचा होता आणि तिला माझें शिफारसपत्र हवें होतें. मीं कागद पुढें ओढला. तिच्या चिकाटीबद्दल लिहिलें, गणितांतल्या गतीबद्दल लिहिलें, आणि 'प्रामाणिक' हा शब्द लिहावयाच्या वेळीं लेखणी थांबली. तिच्यामुळें नव्हे. मीं म्हटलें, "अगं, एप्रिलांत तूं माझ्याकडे आली होतीस. मीं तुला जें उत्तर दिलं तें..."

"मला माहीत आहे, सर," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुम्हीं नांव सांगितलं तेव्हां ते साहेब झाडाकडे बघत होते आणि तुम्ही त्यांच्याकडे. मीं तुमचं उत्तर घेतलंच नाहीं. 'सांगतां येत नाहीं' असं टिपलं."

मला प्रथम इतकें हलकें वाटलें, कीं मी हंसलोंच. माझें खोटें कोठल्याहि तक्त्यांत, कोठल्याहि शेंकडेवारींत गेलें नव्हतें. मग हळूहळू ध्यानांत आलें, कीं पाहणी करणाऱ्यानें ऐकेल तेंच टिपावें, आपला अंदाज त्यांत घालूं नये, हा या शास्त्राचा पहिला नियम मीं स्वतः हिला शिकविला होता, आणि तो हिनें माझ्याच दारांत, माझ्याचसाठीं मोडला होता. सीमेवरचें ताट तिनें आंत ओढलें नाहीं, बाहेर ढकललें. तिला रागें भरणें माझें कर्तव्य होतें. अशीं आणखी किती घरें तिनें 'सांगतां येत नाहीं' मध्यें टाकलीं, हें विचारणेंहि माझें कर्तव्य होतें.

मीं विचारलें नाहीं. ती खिडकींतून मैदानाकडे पाहत शांत उभी होती. मीं तो शब्द लिहिला, खालीं सही केली, आणि शिक्का मारून आणण्यासाठीं तिला कार्यालयांत धाडलें.